ऊन खावे, पण सावली पाहून!

सध्या थंडीचे दिवस आहेत. सकाळी आठच्या सुमारास आपल्या अकोल्यात कोणत्याही गल्लीतून फेरी मारा, पूर्वेकडच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर, गच्चीच्या कठड्याशी मंडळी ऊन खात बसलेली दिसतील. कुणाच्या हातात चहाचा कप, तर कुणाच्या मांडीवर तेल चोळलेले नातवंड. सहज विचारले तर उत्तर ठरलेले असते, "डॉक्टरांनीच सांगितले आहे. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते."

वाचकहो, असे सांगणाऱ्या डॉक्टरांत मीही होतो. चांगली वीस वर्षे मी हाच सल्ला देत आलो. तो सल्ला अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. कोणता अर्धा चूक, हे मला एका रुग्ण बाईंनी शिकवले. म्हणून आधी त्यांची हकिगत सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कापडाचे दुकान असलेल्या घरातल्या या बाई. वय अठ्ठेचाळीस. खाली दुकान, वर घर, त्यामुळे बाहेर पडणे फारसे नाहीच. कंबर दुखते, मांड्या भरून येतात, कूस बदलताना बरगड्यांत कळ येते, अशा तक्रारी घेऊन त्या वर्षभर येत होत्या. कुणी वात म्हणाले, कुणी वयाचे दुखणे म्हणाले. मीही वेदनाशामक गोळ्या आणि कॅल्शियम देऊन पाठवत होतो. एके दिवशी त्या तपासणीच्या खोलीत शिरताना मी त्यांची चाल पाहिली. दोन्ही बाजूंना डुलत, बदकासारखे चालत होत्या. खुर्चीतून उठताना हाताने टेबलाचा आधार घ्यावा लागला. नडगीच्या हाडावर अंगठ्याने जरा दाबले, तर "आई गं!" म्हणून ओरडल्या.

रक्त तपासले. ड जीवनसत्त्व एका मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर असावे, ते निघाले ६. त्यांची हाडे मऊ झाली होती. याला आम्ही ऑस्टिओमलेशिया म्हणतो. लहान मुलांत होणाऱ्या मुडदुसाचा हा मोठेपणातला भाऊ.

मी विचारले, "ताई, उन्हात बसता ना?"

"रोज बसते डॉक्टरसाहेब. तुम्ही सांगितल्यापासून एक दिवस चुकवला नाही. सकाळी साडेसातला, गॅलरीत. काचा लावून घेते, बाहेर गार वारा लागतो ना."

मी गप्प झालो. बाईंनी माझा सल्ला अक्षरशः पाळला होता. चूक त्यांची नव्हती, सल्ल्याची होती. वेळ चुकीची, आणि काच आडवी.

आता हे असे का, ते नीट समजून घेऊ.

सूर्याच्या उजेडात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतले दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात, 'ए' आणि 'बी'. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलचाच एक भाऊबंद पदार्थ असतो. त्यावर 'बी' किरण पडले की ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. मग आतड्यांतून कॅल्शियम शोषले जाते आणि ते हाडांना मिळते. हे 'बी' किरण नसतील, तर कॅल्शियमच्या गोळ्या डबाभर खाल्ल्या तरी त्यांतले फारसे हाडापर्यंत जात नाही.

गोम अशी आहे, की 'बी' किरण नाजूक असतात. वातावरणातला ओझोन त्यांना गिळतो. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्यांची हवेतली वाट आखूड असते, म्हणून बऱ्यापैकी पोहोचतात. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे येते, वाट लांबते आणि 'बी' किरण वाटेतच संपतात. आपल्याला ऊब मिळते, उजेड मिळतो, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ काही मिळत नाही. खिडकीची साधी काचसुद्धा 'बी' किरणांना अडवते. 'ए' किरण मात्र काचेतून बरेचसे आत येतात. म्हणजे काचेआडच्या उन्हात कातडी काळवंडते, सुरकुतते, आणि हाडांच्या पदरात काही पडत नाही.

ऊन आणि हाडे यांचे नाते आज-काल कळलेले नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याखाली ठेवून बरी केली. आपल्याकडचा दाखला तर आणखी बोलका आहे. जुन्या मुंबई इलाख्यात हचिसन आणि शहा यांनी मुडदूस आणि हाडे मऊ होण्याच्या विकाराची पाहणी केली, ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. उघड्यावर राबणाऱ्या, खाण्यापिण्याची आबाळ असलेल्या गरिबांच्या मुलांत मुडदूस दिसत नव्हता. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायकांत आणि मुलांत मात्र तो होता. शंभर वर्षे झाली. पडदा गेला, पण त्याच्या जागी गॅलरीच्या काचा, बंद खोलीतले क्लास, दुकानाचा गल्ला आणि दुचाकीवर डोळे सोडून सगळे झाकणारा स्कार्फ आला.

मग हाडांसाठी ऊन केव्हा घ्यावे? याला घड्याळाहून चांगले साधन आपल्या पायाशीच आहे, ते म्हणजे आपली सावली. उभे राहून पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन हाडांच्या कामाचे. सावली उंचीहून लांब असेल तर नाही. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर आला, एवढाच याचा अर्थ.

हा हिशेब अकोल्याला लावला तर गंमत दिसते. मे महिन्यात सकाळी सव्वानऊलाच सावली उंचीपेक्षा आखूड होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र हीच वेळ जेमतेम पावणेबारा ते एकपर्यंत असते. म्हणजे उन्हाळ्यात सव्वानऊ ते दहा ही वेळ पुरेशी, भर दुपारी जायचे कारणच नाही. आणि आत्ता थंडीत दुपारचे बाराचे ऊन घ्यावे. थंडीतल्या बाराच्या उन्हाला घाबरू नका, ते आपल्याकडे सुखाचेच असते. सावली उंचीएवढी झाली की 'बी' किरण एकदम बंद होतात असे नाही. अकरालाही थोडे मिळतात. पण सकाळी आठला मिळतील ही आशा सोडावी.

पुढचा प्रश्न, किती वेळ? परदेशी पुस्तकांत दहा मिनिटे, पंधरा मिनिटे असे आकडे वाचायला मिळतात. ते गोऱ्या कातडीचे माप आहे. आपल्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्य ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. ती कातडीला जपते, पण ड जीवनसत्त्व तयार व्हायला वेळही जास्त लावते. पुण्यातल्या संशोधकांनी शहरी पुरुषांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोजच्या कपड्यांत वावरताना रक्तातले प्रमाण २० च्या वर राखायला दुपारच्या वेळेतला दिवसाला तासाभराहून अधिक वावर लागतो, असे त्यांना आढळले.

हा आकडा ऐकून दचकू नका. हे अंग बहुतेक झाकलेले असतानाचे माप आहे. जितकी कातडी उघडी, तितका वेळ कमी. म्हणून मी असे सांगतो. आठवड्यातले चार-पाच दिवस अर्धा तास, हातांच्या बाह्या वर, पाय गुडघ्यापर्यंत उघडे, पाठीवर ऊन घेता आले तर उत्तम. चेहरा मात्र टोपीने किंवा पदराने झाका. चेहऱ्याची कातडी शरीराच्या मानाने थोडीशीच, आणि वांग, सुरकुत्या पडतात त्या तिथेच. बायकांनी गच्चीत निवांतपणे बसायची सोय करून घ्यावी. तांदूळ निवडणे, भाजी निवडणे, पापड-कुरडया वाळत घालणे ही कामे त्या वेळेत काढली की वेगळा वेळ काढावा लागत नाही. दुकानदार आणि कचेरीतल्या मंडळींनी थंडीत दुपारचा डबा बाहेर उन्हात बसून खावा.

कातडी लाल होऊ लागली, चुरचुरली, तर ते माप ओलांडल्याचे लक्षण. जास्त वेळ बसले म्हणून जास्त जीवनसत्त्व मिळते असेही नाही. ठरावीक वेळेनंतर कातडी स्वतःच जादा कच्चा माल मोडून टाकते. उन्हातून ड जीवनसत्त्वाचे अजीर्ण होत नाही, ही त्याचीच कृपा.

मग सकाळचे कोवळे ऊन वायाच का? मुळीच नाही! सल्ल्याचा बरोबर असलेला अर्धा भाग तो हाच. कोवळे ऊन हाडांसाठी नाही, ते मनासाठी आहे. आणि ते कातडीतून नाही, डोळ्यांतून काम करते.

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. झोप, भूक, उत्साह, शरीराचे तापमान, सगळे त्यावर चालते. हे घड्याळ रोज थोडे मागे-पुढे होते आणि सकाळचा उजेड त्याला किल्ली देतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज उजेडाची फक्त मात्रा मोजणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, हे २००० सालानंतर स्पष्ट झाले. सकाळी त्यांना भरपूर उजेड मिळाला की झोपेचे संप्रेरक थांबते, माणूस तरतरीत होतो आणि रात्री वेळेवर झोप येते.

तुम्ही म्हणाल, उजेड काय, घरातही असतोच. पण मोजून पाहिले तर फरक थक्क करणारा आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड शंभर ते तीनशे लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा हजारांत आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. आपला डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक जाणवत नाही, मेंदूच्या घड्याळाला मात्र तो कळतो.

ज्या देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, तिथे काही लोकांना दर हिवाळ्यात उदासीनता येते. १९८४ साली अमेरिकेतल्या रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवणे हा त्यावरचा मान्य उपचार आहे. ज्यांची मुले-सुना इंग्लंडला, कॅनडात आहेत, त्यांनी फोनवर ही चौकशी जरूर करावी. इंग्लंडात तर ऑक्टोबर ते मार्चपर्यंत 'बी' किरण पुरेसे मिळत नाहीत, म्हणून तिथले सरकारच त्या महिन्यांत रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. आपल्याला असा दिवा विकत घ्यावा लागत नाही. तो दाराबाहेर फुकट टांगलेला आहे. आपण दारच उघडत नाही, ही अडचण.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. नोकरी संपल्यावर सकाळी नऊला उठणे, दुपारी झोपणे, पडदे ओढून टीव्ही पाहणे, आणि रात्री दोनपर्यंत जागे. "मन लागत नाही, काही करावेसे वाटत नाही," म्हणत झोपेची गोळी मागायला आले. त्यांच्याशी सविस्तर बोललो. मोठा आजार दिसत नव्हता. गोळी दिली नाही. म्हटले, "गुरुजी, शाळा सुरू समजा. सकाळी सातला घराबाहेर. अर्धा तास चालायचे, रंगीत चष्मा नको, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको." एका दिवसात जादू झाली नाही. तीन आठवड्यांनी झोप अकरावर आली. महिन्याभराने वर्तमानपत्रातले शब्दकोडे पुन्हा सोडवू लागले. यात उजेडाचा वाटा किती, चालण्याचा किती आणि वाटेत भेटणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांचा किती, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही. पण तिन्ही घराबाहेरच मिळतात, हे नक्की.

इथे दोन इशारे. सूर्याकडे थेट पाहू नका, डोळ्याचा पडदा कायमचा भाजतो. उजेडात असणे पुरेसे आहे. दुसरे, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी उदासी टळते असे समजू नका. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक प्रौढांवर सुमारे पाच वर्षे केलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० साली आले, या गोळ्यांनी नैराश्य टळत नाही असेच दिसले. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर उन्हावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो आजार आहे, आणि त्याला औषध आहे.

आता ऊन कुणी टाळावे ते पाहू. लुपस नावाचा आजार असलेले, कोडाचे पांढरे डाग असलेले, उन्हाने अंगावर पुरळ उठणारे, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे चालू असलेले, यांनी डॉक्टरांना विचारूनच ऊन घ्यावे. तान्ह्या बाळाला कडक उन्हात ठेवू नये. अंग चोळून थोडा वेळ कोवळ्या उन्हात घ्यायला हरकत नाही, पण त्यातून त्याच्या हाडांची सोय होत नाही आणि आईच्या दुधातही ड जीवनसत्त्व फार कमी असते. म्हणून पहिले वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देण्याची बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. नवजात बाळाला कावीळ दिसली तर 'ऊन दाखवू' म्हणत घरी थांबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांना उन्हाचा लेख वाचायला सवडच नाही, त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. मे महिन्यात सोयाबीन-कपाशीच्या शेताची मशागत करणारी मजूर बाई, रस्त्याच्या कामावरचा गडी, हातगाडीवाला, यांना 'ऊन घ्या' म्हणणे म्हणजे त्यांची थट्टा आहे. त्यांना सावली हवी, पाणी हवे, दुपारी बारा ते चार काम थांबवणारा मालक हवा. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. किरण वेगळे आणि उष्णता वेगळी. ड जीवनसत्त्व किरणांतून मिळते, पण उष्माघाताने माणूस मरतो तो उष्णतेने. अंग भाजल्यासारखे तापले, माणूस बरळू लागला, तर क्षणाचाही उशीर न करता सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

शेवटचा मुद्दा गोळ्यांचा. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आता घराघरांत दिसते. ज्यांना खरेच कमतरता आहे त्यांना ती आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात, मग मात्रा कमी करतात. पण काही मंडळी ती वर्षानुवर्षे स्वतःच विकत घेऊन खातात, कुणी तर रोज. उन्हाचे अजीर्ण होत नाही, गोळीचे मात्र होते. रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, तहान लागते, मूत्रपिंड बिघडते. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली की थांबावे. निरोगी माणसाने हौसेने दरवर्षी रक्त तपासत बसायचीही गरज नाही. हाडे दुखणे, जिना चढायला त्रास, घराबाहेर न पडणारे वृद्ध, अशांनी मात्र जरूर विचारावे. आणि उन्हाच्या जोडीला नाचणी, तीळ, दूध, ताक असावे. ऊन फक्त दार उघडते, आत जायला कॅल्शियम तर हवे!

त्या बाईंना मी औषधे सुरू केली आणि पहिल्यांदाच माझा जुना सल्ला मागे घेतला. "ताई, सातची गॅलरी नको. बाराची गच्ची," असे सांगितले. तीन महिन्यांनी त्या दवाखान्याच्या पाच पायऱ्या कठडा न धरता चढून आल्या. खुर्चीत बसल्या, मुद्दाम हात न टेकता उठून दाखवले आणि म्हणाल्या, "आता सकाळीही बसते गच्चीत, डॉक्टरसाहेब. सावली लांब असते, माहीत आहे. पण बरे वाटते."

मी म्हटले, "बसा. ते मनाचे ऊन आहे."

थोडक्यात लक्षात ठेवायचे ते असे:

१. सकाळचे कोवळे ऊन मन आणि झोप यांसाठी. रोज अर्धा तास, घराबाहेर, काचेआड नव्हे.

२. हाडांसाठी सावली उंचीपेक्षा आखूड असतानाचे ऊन. आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा तास, हात-पाय उघडे आणि चेहरा झाकलेला.

३. थंडीत दुपारी बारा, उन्हाळ्यात सव्वानऊ ते दहा. पावसाळ्यात ढग फाकतील तेव्हा मिळेल तेवढे.

४. कातडी लाल होण्याआधी सावलीत या. मे महिन्याच्या दुपारी उन्हात जाऊच नका.

५. हाडे दुखत असतील किंवा मन खचले असेल तर फक्त उन्हावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

आज दुपारी बारा वाजता अंगणात उभे राहा आणि आपली सावली पाहा. औषधाचे माप तिथे काढून ठेवलेले आहे.